बर्फाची सवय नसलेली शहरे

अल्जीरियातल्या ऐन सेफ्रा या गावाची छायाचित्रे अधूनमधून जगभर फिरतात. लालसर वाळूच्या टेकड्या, त्यांवर पांढऱ्या बर्फाचे पट्टे आणि खाली ओळ : सहारात बर्फ पडला. डिसेंबर २०१६ मध्ये ही बातमी आली तेव्हा १९७९ नंतर प्रथमच असे घडल्याचे सांगितले गेले. मग २०१७ मध्ये, २०१८ मध्ये आणि २०२१ मध्येही तिथे बर्फ पडला. प्रत्येक वेळी आश्चर्य तेवढेच होते. ऐन सेफ्रा समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर, ॲटलस पर्वतरांगेच्या कुशीत आहे. हिवाळ्याच्या रात्री तिथला पारा शून्याखाली जाणे ही मोठी गोष्ट नव्हे. तिथे दुर्मिळ असतो तो ओलावा.

डिसेंबर २०१३ मध्ये जेरुसलेम बर्फाखाली गेले, तेव्हा कैरोतही शंभरहून अधिक वर्षांनी हिमवृष्टी झाल्याची बातमी पसरली. कैरोच्या उपनगरांत प्रत्यक्षात पडला तो बहुतांशी पांढऱ्या, मऊ गारांचा थर होता. स्फिंक्सच्या डोक्यावर बर्फ दाखवणारे जे छायाचित्र लाखो लोकांनी एकमेकांना पाठवले, ते जपानमधल्या एका उद्यानातल्या छोट्या प्रतिकृतीचे निघाले. अशा बातम्यांतून मनोरंजन होते. पण त्यांतून एक समज पक्का होतो की उबदार प्रदेशातला बर्फ ही निसर्गाची लहर आहे, तिला मागचा-पुढचा संदर्भ नाही. हा समज मला घातक वाटतो. पुढे ज्या शहरांचा विचार केला आहे, त्यांतल्या बहुतेकांत बर्फ आधीही पडला होता, हवामान खात्याने तो येणार हे सांगितलेही होते, आणि तरीही माणसे रस्त्यात अडकली, काही घरातल्या घरात गारठून मेली.

बर्फ पडायला थंड हवा आणि ओलावा या दोन गोष्टी एकाच वेळी, एकाच ठिकाणी याव्या लागतात. उबदार प्रदेशात हे सहसा जुळत नाही, कारण तिथे थंडी येते ती उत्तरेच्या कोरड्या भूप्रदेशावरून आणि ओलावा येतो तो उबदार समुद्रावरून. एक आला की दुसरा हटतो. क्वचित दोन्ही आमनेसामने येतात : ध्रुवाकडची हवा खूप खाली घसरलेली असते आणि तिच्या कडेला समुद्रावर कमी दाबाचे क्षेत्र तयार होते. मग मायामीसारख्या शहरावरही १९ जानेवारी १९७७ रोजी हिमकण उतरतात. ब्यूनस आयर्समध्ये ९ जुलै २००७ रोजी, नेमका अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्यदिनी बर्फ पडला, तो १९१८ नंतरचा पहिला. बगदादने जानेवारी २००८ मध्ये बर्फ पाहिला, तेव्हा वयोवृद्धांनाही तसे काही आठवत नव्हते. तो पुन्हा पडला फेब्रुवारी २०२० मध्ये. या तिन्ही ठिकाणी थर इतका विरळ होता की लोक रस्त्यावर येऊन आनंदले आणि लवकरच सगळे वितळून गेले. आनंदाच्या या बाजूला कमी लेखायचे कारण नाही. बॉम्बस्फोटांच्या काळातल्या बगदादमध्ये ती सकाळ लोकांना खूप मोलाची होती.

अडचण थर थोडा जाड झाला की सुरू होते. थंड देशांतून आलेली माणसे नेहमी विचारतात की दोन इंच बर्फाने अख्खे शहर कसे काय बंद पडते? या विचारण्यात थोडी तुच्छता असते आणि अज्ञान बरेच असते. मिनेसोटात उणे वीस अंशांत पडणारा बर्फ कोरडा, भुसभुशीत असतो. टायर त्याला धरून राहू शकते. दक्षिणेकडच्या शहरात बर्फ पडतो तो शून्याच्या आसपास. रस्ता आदल्या दिवसापर्यंत उबदार असतो, म्हणून पहिला थर वितळतो, चाकांखाली दाबला जातो आणि संध्याकाळी पारा उतरताच गोठून काचेसारखा होतो. टायरांखाली सर्वांत निसरडा असतो तो हाच ओला बर्फ. त्याच्याही पुढची पायरी गोठणाऱ्या पावसाची. वरच्या उबदार थरात बर्फ वितळून पाणी होते आणि जमिनीला टेकताच ते पाणी गोठते. डांबरावर दिसतही नाही असा हा थर बसला, तेव्हा ११ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या द्रुतगती मार्गावर १३० हून अधिक वाहने एकमेकांवर आदळली आणि सहाजण मरण पावले. त्या रस्त्यावर मिनेसोटाचा चालकही टिकला नसता.

तरीही निसरडा रस्ता हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे अटलांटाने फार स्पष्ट दाखवून दिले. २८ जानेवारी २०१४ रोजी तिथे पडलेला बर्फ होता जेमतेम साडेसहा सेंटिमीटर. पहाटे चारच्या आतच राष्ट्रीय हवामान सेवेने हिमवादळाचा इशारा दिला होता. तरी शाळा भरल्या, कचेऱ्या उघडल्या. दुपारी बर्फ भुरभुरू लागताच शाळा, खासगी कंपन्या आणि सरकारी कार्यालये या सगळ्यांनी जवळपास एकाच वेळी सुट्टी दिली. लाखो गाड्या एकदम रस्त्यावर आल्या. मिठाचे ट्रक निघाले ते त्याच कोंडीत अडकले. पुढचे चित्र अमेरिकेने रात्रभर दूरचित्रवाणीवर पाहिले : एरवी अर्ध्या तासाच्या वाटेला लागलेले दहा, पंधरा, वीस तास, शाळांत आणि शाळेच्या बसमध्ये रात्र काढणारी हजारो मुले, दुकानांच्या फरशीवर झोपलेली माणसे, महामार्गावरच गाडीत जन्मलेली एक मुलगी.

या घटनेवर बरीच चर्चा झाली ती यंत्रांच्या अंगाने : बर्फ लोटणारी वाहने किती होती, मीठ किती होते. माझ्या मते याहून बोलका पुरावा दोन आठवड्यांनी मिळाला. १२ फेब्रुवारीला अटलांटावर दुसरे, बर्फाच्या दृष्टीने अधिक वाईट वादळ आले. मधल्या पंधरवड्यात काही नवी यंत्रांची फौज उभी राहिली नव्हती. बदलले होते ते एवढेच की आणीबाणी आधी जाहीर झाली, शाळा आदल्या दिवशीच बंद ठेवल्या आणि लोक घरी थांबले. रस्ते रिकामे राहिले. वीज अनेक घरांची गेली, झाडे पडली, पण जानेवारीतली रात्र पुन्हा आली नाही. हाच धडा शहराने जानेवारी १९८२ मध्येही घेतला होता. तेव्हाही बर्फ दुपारी सुरू झाला, तेव्हाही सगळे एकदम निघाले होते. बत्तीस वर्षांत निर्णय घेणारी माणसे बदलली आणि आठवण त्यांच्यासोबत निघून गेली.

अथेन्सची गोष्ट याच वळणाची आहे. २४ जानेवारी २०२२ रोजी शहराला वळसा घालणाऱ्या ॲटिकी ओडोस या टोलरस्त्यावर हजारो वाहने रात्रभर अडकून पडली. पंतप्रधानांनी माफी मागितली आणि रस्ता चालवणाऱ्या कंपनीने प्रत्येक वाहनामागे दोन हजार युरो द्यायचे ठरले. रस्ता वेळेत बंद केला असता तर टोल बुडाला असता. उघडा ठेवल्याची किंमत त्याहून कितीतरी जास्त पडली. आणि सवय असलेली जागाही या चुकीतून सुटत नाही. पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ दरवर्षी पडतो. जानेवारी २०२२ मध्ये तो पाहायला मैदानी भागातून आलेल्यांच्या गाड्या घाटात अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे गाडीतच मेली. त्यांतले अनेकजण उबेसाठी सुरू ठेवलेल्या इंजिनाच्या धुराने गेले, कारण धूर बाहेर पडायची नळी बर्फाखाली बुजली होती. बर्फाची सवय मरीला होती, पाहुण्यांना नव्हती, आणि त्यांना वर येण्यापासून वेळेवर कुणी थांबवले नाही.

या सगळ्या आढाव्यात सर्वांत जास्त वेळ थांबावे लागते ते टेक्सासपाशी. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्याच्या सर्व २५४ काउंटींना एकाच वेळी हिमवादळाचा इशारा लागू होता. गॅल्व्हस्टनच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूवर बर्फ साचला. १६ तारखेला डॅलसचा पारा उणे १९ सेल्सिअसपर्यंत उतरला, इतकी थंडी तिथे १९४९ नंतर पडली नव्हती. टेक्सासमधली सुमारे साठ टक्के घरे विजेवर उबदार राहतात, त्यामुळे थंडी वाढली की विजेची मागणी वाढते. आणि नेमकी त्याच वेळी वीज बनवणारी यंत्रणा गोठू लागली.

गोठणे इथे शब्दशः घ्यायचे. नैसर्गिक वायूबरोबर विहिरीतून पाणी वर येते. ते नळीच्या तोंडाशी गोठले आणि राज्याचे वायूउत्पादन जवळपास निम्म्यावर आले. काही पवनचक्क्यांची पाती बर्फाने जड होऊन थांबली, कोळशाची केंद्रे बंद पडली. अणुवीज केंद्राचा एक संच बंद पडला, तो दाब मोजणाऱ्या एका बारीक नळीत पाणी गोठल्यामुळे. त्या दिवसांत सगळा दोष पवनचक्क्यांवर टाकायचा राजकीय प्रयत्न झाला. पुढे केंद्रीय चौकशीत दिसले की सर्वांत मोठी तूट वायूवर चालणाऱ्या केंद्रांची होती. याहून वेदनादायक तपशील असा की वायू पुढे ढकलणारे अनेक पंप विजेवर चालत होते, ते अत्यावश्यक ग्राहकांच्या यादीत नोंदवलेलेच नव्हते, आणि भारनियमन सुरू होताच त्यांचीही वीज तोडली गेली. वीज नाही म्हणून वायू नाही, वायू नाही म्हणून वीज नाही.

१५ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर राज्याच्या ग्रिडची, म्हणजे वीजजाळ्याची, वारंवारिता ६० हर्ट्‌झवरून ५९.३ पर्यंत घसरली. ती ५९.४ च्या खाली नऊ मिनिटे राहिली असती, तर उरलेली केंद्रे स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप सुटली असती आणि सगळे राज्य अंधारात गेले असते. ग्रिड पुन्हा शून्यातून उभे करायला कित्येक आठवडे लागू शकले असते. नियंत्रण कक्षातल्या लोकांनी एकामागून एक भाग तोडत भार कमी केला. संकटाची सीमा तेव्हा ४ मिनिटे ३७ सेकंदांवर होती. त्या माणसांचे काम मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आदराचे वाटते. पण तोडलेला भार, जो शेवटी २०,००० मेगावॉटपर्यंत गेला, आळीपाळीने फिरवता आला नाही. रुग्णालयांसारख्या जोडण्या असलेल्या वाहिन्या बंद करता येत नव्हत्या, म्हणून ज्यांची वीज गेली त्यांची दिवसेंदिवस गेलीच. मोठ्या शहरांच्या मध्यभागी रिकाम्या कार्यालयांच्या इमारती उजळलेल्या आणि शेजारच्या वस्त्या काळोखात, असे दृश्य दिसले. ४० लाखांहून अधिक वीजजोडण्या बंद होत्या.

डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टन परिसरात हजारो मराठी कुटुंबे राहतात, त्यांतल्या अनेकांनीही तो आठवडा याच अंधारात काढला. करोनाचा काळ, त्यामुळे वीज असलेल्या मित्राकडे जाऊन राहायचे तरी धास्ती. टेक्सासच्या घरांत पाण्याच्या नळ्या बऱ्याचदा छताखालच्या पोटमाळ्यातून जातात, कारण तिथे उन्हाळ्याचा विचार करून घर बांधतात. त्या नळ्या फुटल्या. आधी छतातून पाणी, मग नळाला पाणीच नाही, आणि जे आले ते उकळून प्या अशी सूचना दीड कोटीच्या आसपास लोकांना. वीज नसताना पाणी उकळायचे कसे, हा प्रश्न अनेक घरांत खरोखरच सुटत नव्हता. राज्याच्या अधिकृत नोंदीत २४६ मृत्यू आहेत; स्वतंत्र अंदाज याहून बरेच जास्त आहेत. अधिकृत आकड्यातले सुमारे दोन तृतीयांश मृत्यू थेट थंडीमुळे झाले. बाकीच्यांत आगीत, अपघातांत आणि घरात कोळसा किंवा जनरेटर लावल्याने कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत गेलेले लोक आहेत.

हे अनपेक्षित होते का? डिसेंबर १९८९ मध्ये याच राज्यात थंडीने वीजकेंद्रे बंद पाडली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये पुन्हा तेच झाले आणि त्याच वर्षी केंद्रीय नियामकांनी सविस्तर अहवाल देऊन काय काय झाकायचे, कुठे उष्णता द्यायची, हे लिहून दिले. ते सक्तीचे नव्हते, म्हणून बऱ्याच ठिकाणी झाले नाही. टेक्सासने १९३० च्या दशकापासून आपले ग्रिड शेजाऱ्यांपासून वेगळे ठेवले आहे, मुख्यतः केंद्रीय नियमांपासून दूर राहण्यासाठी.

याच राज्याच्या पश्चिम टोकाला एल पासो आहे. ते टेक्सासच्या ग्रिडमध्ये नाही, पश्चिमेकडच्या मोठ्या ग्रिडला जोडलेले आहे. २०११ मध्ये एल पासोची केंद्रेही गोठली होती आणि शहराने पाण्याविना, विजेविना दिवस काढले होते. त्यानंतर तिथल्या वीजकंपनीने उपकरणे झाकली, नवे केंद्र कडक थंडी सोसेल असे बांधले. २०२१ च्या वादळात तिथे सुमारे तीन हजार ग्राहकांची वीज गेली, तीही बहुतेकांची पाच मिनिटांहून कमी वेळ. न्यायाने हेही सांगायला हवे की त्या आठवड्यात एल पासोवरची थंडी डॅलसइतकी तीव्र नव्हती आणि शेजारच्या राज्यांतून वीज घ्यायची सोय त्याला होती. तरीही फरक एवढा मोठा आहे की केवळ नशिबाने तो समजावता येत नाही.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो गंभीर आहे. वीस-तीस वर्षांतून एकदा येणाऱ्या बर्फासाठी किती पैसे घालवायचे? बर्फ लोटणाऱ्या यंत्रांचा ताफा ह्यूस्टनने पाळणे मलाही मूर्खपणाचे वाटेल. ती यंत्रे गंजून जातील. पण हा आक्षेप सगळा खर्च एकाच रांगेत बसवतो. रस्ता चार तास आधी बंद करायला यंत्र लागत नाही. वायूच्या पंपाचे नाव अत्यावश्यक यादीत घालायला एक अर्ज लागतो. विहिरीचे तोंड झाकणे, नळीभोवती उष्णतारोधक गुंडाळणे याला पैसे लागतात, पण नुकसानीच्या तुलनेत ते क्षुल्लक ठरतात. जे स्वस्तात होण्यासारखे होते, नेमके तेच राहून गेले.

माद्रिदने यातला काही भाग चांगला निभावला. ८ आणि ९ जानेवारी २०२१ ला फिलोमेना वादळाने तिथे काही ठिकाणी अर्धा मीटर बर्फ टाकला, १९७१ नंतर असा पडला नव्हता. हवामान संस्थेने लाल इशारा आधीच दिला होता, शुक्रवार-शनिवार असल्याने गर्दी कमी होती. बराखास विमानतळ बंद झाला, शेकडो गाड्या अडकल्या, पण मेट्रो रात्रंदिवस चालू ठेवली गेली, लष्कराची आपत्ती तुकडी उतरली आणि चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांचे मालक स्वतःहून डॉक्टर-परिचारिकांना रुग्णालयात पोहोचवू लागले. शहराचे भरून न येणारे नुकसान झाले ते झाडांचे. माद्रिदच्या उद्यानांत सदाहरित ओक आणि छत्रीसारखे पाइन भरपूर आहेत. पानगळ न होणाऱ्या या झाडांनी सगळा बर्फ अंगावर धरला आणि फांद्याच नव्हे, खोडेही मोडली. रेतीरो उद्यान कित्येक दिवस बंद ठेवावे लागले. पुढचा आठवडा साचलेला बर्फ गोठून राहिला, आणि पडून हाडे मोडलेल्यांनी रुग्णालये भरली.

न्यू ऑर्लिन्समध्ये २१ जानेवारी २०२५ रोजी आठ इंच बर्फ पडला. विमानतळावरचा आधीचा विक्रम १९६३ चा, पावणेतीन इंचांचा होता. फ्लोरिडातल्या मिल्टनला जवळपास दहा इंच मोजला गेला, राज्याचा जुना विक्रम चार इंचांचा. लुइझियानाच्या लेक चार्ल्स हवामान कार्यालयाने आपल्या इतिहासात पहिल्यांदा हिमझंझावाताचा इशारा दिला. शाळा आणि कार्यालये आधी बंद झाली, मुख्य महामार्गाचे लांब पट्टे बंद ठेवले गेले. बर्फ अटलांटाच्या तिप्पट होता, तरी अटलांटासारखी रात्र झाली नाही. न्यू ऑर्लिन्सच्या बोर्बन स्ट्रीटवर लोक बर्फाचे गोळे फेकत राहिले.

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी थंडीच्या पहाटे गोठते ते दव. निफाडच्या द्राक्षबागांत पारा एक-दोन अंशांवर येतो तेव्हा शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. ते तयार असतात कारण ही थंडी त्यांना ओळखीची आहे. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चमधल्या गारपिटीला कुणी तयार नव्हते. विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्रात शिवारे पांढरी झाली, काढणीला आलेला गहू, हरभरा, द्राक्षे, डाळिंबे गेली. गारा वादळी ढगांतून पडतात, हिमवृष्टीशी त्यांचा शास्त्रीय संबंध नाही. संबंध आहे तो ‘आपल्याकडे असे होत नाही’ या समजाशी, कारण पीकविमा आणि पंचनाम्याचे नियमही त्याच समजावर बेतलेले असतात.

तापमानवाढीने हा प्रश्न आपोआप सुटेल, असेही काहींना वाटते. उबदार प्रदेशांतले बर्फाचे दिवस कमी होत आहेत, हे खरे. आर्क्टिक तापल्याने ध्रुवीय वारे अधिक वेळा खाली घसरतात का, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. पण मधले अंतर वाढले, की शेवटचा बर्फ पाहिलेले अभियंते, चालक, मुख्याध्यापक निवृत्त झालेले असतात आणि गेल्या तीस वर्षांच्या सरासरीवर बांधलेली यंत्रणा अधिकच उघडी पडते. दुर्मिळता वाढण्याचा हा धोका चर्चेत फारसा येत नाही.

टेक्सासने जून २०२१ मध्ये कायदा करून वीजकेंद्रांना थंडीची तयारी सक्तीची केली आणि तपासण्या सुरू केल्या. डिसेंबर २०२२ च्या शीतलहरीत तिथे भारनियमन करावे लागले नाही. त्याच वेळी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या वीजसंस्थेला मात्र आपल्या इतिहासात प्रथमच ते करावे लागले. वायूउद्योगासाठीचे नियम २०२२ मध्ये आले, पण ते अत्यावश्यक ठरवलेल्या विहिरी आणि वाहिन्यांपुरतेच आहेत. शेजारच्या ग्रिडशी जोडणाऱ्या वाहिन्यांची क्षमता २०२१ मध्ये बाराशे मेगावॉटच्या आसपास होती, तुटीपुढे नगण्य. राहत्या घरांना तर २०२१ चा कायदा शिवतच नाही. जुन्या, भाड्याच्या घरांत पोटमाळ्यातून जाणारी नळी झाकायची कुणी, मालकाने की भाडेकरूने, हे अजून कुठे लिहिलेले नाही.